एर्न्स्ट आबे

एर्न्स्ट कार्ल आबे (जन्म : २३ जानेवारी १८४०, आयझेनाख, मृत्यू : १४ जानेवारी १९०५, येना) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ, गणिती, उद्योजक आणि समाजसुधारक होते. सूक्ष्मदर्शकातून जास्तीत जास्त किती बारीक तपशील दिसू शकतो, याची सैद्धांतिक मर्यादा त्यांनी १८७३ साली दाखवून दिली. ही मर्यादा आज ‘आबे मर्यादा’ या नावाने ओळखली जाते. कार्ल झाइस आणि ओटो शॉट यांच्या साहाय्याने त्यांनी भिंगनिर्मितीला कारागिराच्या अनुमानातून बाहेर काढून गणिताच्या पायावर उभे केले. झाइस कारखान्याचे मालक झाल्यानंतर त्यांनी ती मालकी स्वतःकडे न ठेवता एका प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केली आणि कामगारांना आठ तासांचा दिवस, भरपगारी रजा व निवृत्तिवेतन मिळवून दिले.

जीवशास्त्रात आज अनुस्फुरण सूक्ष्मदर्शकाचा, म्हणजेच फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपचा, सर्रास उपयोग होतो. पेशीतील दोन निरनिराळी प्रथिने एकाच जागी आहेत की नाहीत हे त्याद्वारे तपासले जाते. या तपासणीला कोलोकलायझेशन किंवा सहस्थान-विश्लेषण म्हणतात. या विश्लेषणातून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता काढता येत नाही, हे समजण्यासाठी आबे यांच्या कार्याची ओळख आवश्यक ठरते.

जन्म आणि बालपण

आबे यांचा जन्म जर्मनीतील थुरिंगिया प्रदेशातल्या आयझेनाख या गावी एका कामगार कुटुंबात झाला. त्यांचे वडील गेओर्ग आडाम आबे हे तेथील सूतगिरणीत काम करीत व पुढे ते मुकादम झाले. त्या काळी गिरणीतील कामाचा दिवस १४ ते १६ तासांचा असे आणि दुपारच्या जेवणासाठी वेगळी सुट्टी नसे. लहानगा एर्न्स्ट आणि त्याची बहीण आळीपाळीने वडिलांचा डबा गिरणीत पोहोचवीत. वडील यंत्रावरची नजर न काढता उभ्या उभ्याच चार घास खात आणि रिकामे भांडे मुलाच्या हाती परत देत. आबे यांनी उतारवयात कामाच्या तासांविषयी व्याख्यान देताना ही आठवण सांगितली होती. अंगापिंडाने आपल्यापेक्षा कितीतरी दणकट असलेले आपले वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच म्हातारे दिसू लागले होते, हेही त्यांनी त्या वेळी नमूद केले.

मुलाची बुद्धिमत्ता पाहून गिरणीमालकाने त्याच्या शिक्षणाला आर्थिक मदत केली. त्यामुळे आबे यांना माध्यमिक शिक्षण पूर्ण करता आले. १८५७ साली ते आयझेनाखच्या शाळेतून विद्यापीठप्रवेशाची परीक्षा उत्तीर्ण झाले.

शिक्षण व प्रारंभीचे संशोधन

आबे यांनी प्रथम येना विद्यापीठात (१८५७–५९) आणि नंतर ग्यॉटिंगन विद्यापीठात (१८५९–६१) गणित व भौतिकशास्त्राचे अध्ययन केले. ग्यॉटिंगन येथे गणिती बेर्नहार्ड रीमान आणि भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर यांच्या अध्यापनाचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. १८६१ साली उष्मागतिकीवरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर काही काळ त्यांनी ग्यॉटिंगनची वेधशाळा आणि फ्रँकफुर्टची भौतिकशास्त्र संस्था येथे काम केले.

१८६३ साली येना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळविण्यासाठी त्यांनी दुसरा प्रबंध सादर केला. निरीक्षणांच्या मालिकेत येणाऱ्या त्रुटींचे वितरण कोणत्या नियमाने होते, हा त्याचा विषय होता. त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचे जे वितरण त्यांनी या प्रबंधात काढले, तेच आज संख्याशास्त्रात काय-वर्ग वितरण म्हणून शिकविले जाते. त्या काळी या कामाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे इतरांनी हेच वितरण स्वतंत्रपणे शोधून काढले आणि आबे यांचे अग्रक्रमत्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मान्य झाले. मोजमापात चूक राहणारच, म्हणून ती किती आणि कशी राहते हेही मोजले पाहिजे, ही दृष्टी त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसते.

१८७० साली ते येना विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १८७८ साली तेथील वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले. १८७१ साली त्यांचा विवाह एल्झे स्नेल यांच्याशी झाला. एल्झे या आबे यांचे गुरू, गणित व भौतिकशास्त्राचे प्राध्यापक कार्ल स्नेल यांच्या कन्या होत. आबे दांपत्याला दोन मुली झाल्या.

कार्ल झाइस यांच्याशी सहकार्य

कार्ल झाइस (१८१६–१८८८) यांनी १८४६ साली येना येथे उपकरणे बनविण्याची लहानशी कार्यशाळा सुरू केली होती. विद्यापीठाला लागणारी उपकरणे तेथे तयार होत. त्या काळी सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग बनविण्याची पद्धत चाचपडण्याची होती. कारागीर निरनिराळी भिंगे घासून तयार करीत, ती एकमेकांसमोर ठेवून पाहत आणि प्रतिमा स्वच्छ दिसेपर्यंत भिंगे व त्यांमधील अंतर बदलत राहत. एक चांगले भिंग हाती लागले तरी दुसरे तसेच बनेल याची शाश्वती नसे. झाइस यांना ही पद्धत मान्य नव्हती. भिंगाचा आकार आधी गणिताने ठरवावा आणि कारागिराने तो बरहुकूम उतरवावा, अशी त्यांची इच्छा होती. १८६६ साली त्यांनी या कामासाठी तरुण आबे यांना पाचारण केले.

आबे यांनी काचेचा अपवर्तनांक, भिंगाची वक्रता आणि जाडी अचूक मोजण्यासाठी नवी उपकरणे बनविली. द्रवाच्या एका थेंबावरून त्याचा अपवर्तनांक सांगणारे आबे अपवर्तनांकमापक त्यांतलेच होय. साखर, तेल, मध आणि फळांचे रस यांची प्रत तपासण्यासाठी त्या प्रकारचे उपकरण आजही वापरले जाते. नमुन्यावर रुंद कोनातून प्रकाश टाकणारा आबे संग्राहक, म्हणजेच कंडेन्सर, हीदेखील याच काळातील निर्मिती आहे.

पहिला प्रयत्न मात्र फसला. भिंगाच्या कडेकडून येणारे किरण प्रतिमा पुसट करतात, म्हणून आबे यांनी हिशेबाने भिंगाचे तोंड अरुंद ठेवले. अशी वस्तुभिंगे गणिताच्या दृष्टीने निर्दोष होती. तरीही त्यांतून दिसणारा तपशील जुन्या, अंदाजाने बनविलेल्या भिंगांपेक्षा कमी होता. रूढ भूमितीय प्रकाशशास्त्रात या विसंगतीचे उत्तर नव्हते. ते शोधताना आबे यांना सूक्ष्मदर्शकाच्या खऱ्या कार्यपद्धतीचा उलगडा झाला. १८७२ पासून झाइस कारखान्याची सर्व वस्तुभिंगे गणिताच्या आधारे बनू लागली. १८७६ साली आबे कारखान्याचे भागीदार झाले.

प्रतिमानिर्मितीचा सिद्धांत

आबे यांचा सिद्धांत १८७३ साली सूक्ष्म शरीररचनाशास्त्राच्या एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या लेखात त्यांनी एकही समीकरण दिले नाही. सारे प्रतिपादन शब्दांत होते.

त्याचा आशय असा सांगता येईल. नमुन्यात एकमेकींजवळ बारीक रेषा असतील, तर त्यांच्यामधून जाणारा प्रकाश सरळ पुढे न जाता काही ठरावीक कोनांत विखुरतो. याला विवर्तन म्हणतात. रेषा जितक्या जवळजवळ, तितका हा कोन मोठा. रेषा रेषा म्हणून दिसण्यासाठी सरळ आलेल्या किरणाबरोबर निदान एक तरी विवर्तित किरण भिंगात शिरला पाहिजे. भिंगाचे तोंड अरुंद असेल तर तो बाहेरच राहतो. मग भिंग कितीही निर्दोष असले तरी रेषांची माहिती प्रतिमेपर्यंत पोहोचतच नाही. पहिल्या भिंगांच्या अपयशाचे कारण हेच होते.

आबे यांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. बारीक जाळी काढलेली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी वस्तुभिंगामागे काही विवर्तित किरण अडविले. एक सोडून एक किरण अडविताच जाळीत प्रत्यक्षात असलेल्या रेषांच्या दुप्पट रेषा दिसू लागल्या. डोळ्यांना दिसणारी प्रतिमा ही वस्तूची जशीच्या तशी नक्कल नसते. भिंगात शिरलेल्या किरणांतून ती रचली जाते आणि किरण कमी पडले तर खोटा तपशीलही दाखवू शकते, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

भिंगाची किरण गोळा करण्याची क्षमता मोजण्यासाठी आबे यांनी न्यूमरिकल अ‍ॅपर्चर ही संकल्पना मांडली. नमुना व भिंग यांच्यामधील माध्यमाचा अपवर्तनांक आणि भिंगात शिरणाऱ्या किरणशंकूच्या अर्ध्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, यांचा हा गुणाकार आहे. प्रकाशाची तरंगलांबी या संख्येच्या दुपटीने भागली की जो आकडा येतो, त्याहून कमी अंतरावरच्या दोन रेषा वेगळ्या दिसू शकत नाहीत. हीच आबे मर्यादा होय. वर्धन कितीही वाढविले तरी या मर्यादेपलीकडचा तपशील उलगडत नाही. जो पुसटपणा आहे, तोच मोठा होऊन दिसतो.

हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८७४ साली स्वयंप्रकाशी बिंदूंचा विचार करून स्वतंत्रपणे याच निष्कर्षाप्रत येणारी मांडणी केली. दोन्ही मार्ग मूलतः एकच मर्यादा सांगतात, हे इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांनी १८९६ साली स्पष्ट केले. हेल्महोल्ट्झ यांनी आबे यांना बर्लिन येथे प्राध्यापकपद देऊ केले होते, परंतु येनातील कामासाठी आबे यांनी ते नाकारले.

तैलनिमज्जन आणि नवी काच

हवेतून प्रकाश घेणाऱ्या भिंगाचे न्यूमरिकल अ‍ॅपर्चर १ च्या पुढे जाऊ शकत नाही. इंग्लंडमधील जॉन वेअर स्टीफनसन यांच्या सूचनेवरून आबे यांनी १८७८ साली तैलनिमज्जन वस्तुभिंग तयार केले. काचेच्या जवळपास अपवर्तनांक असलेल्या देवदार तेलाचा थेंब नमुना व भिंग यांच्यामध्ये ठेवला की किरण वाटेत वळत नाहीत आणि अधिक रुंद शंकू भिंगात शिरतो. रॉबर्ट कॉख यांनी रोगजंतूंच्या संशोधनात आबे संग्राहक आणि तैलनिमज्जन भिंग यांचा आरंभापासून उपयोग केला. क्षयरोगाच्या जंतूचा शोध त्यांनी १८८२ साली जाहीर केला, तोही याच साधनांच्या बळावर.

यानंतर अडचण उरली ती रंगांची. काच निरनिराळ्या रंगांचा प्रकाश कमीअधिक वळविते. त्यामुळे निळ्या आणि तांबड्या प्रकाशाच्या प्रतिमा एकाच जागी पडत नाहीत. या दोषाला वर्णविपथन म्हणतात. तो घालविण्यासाठी निरनिराळ्या गुणधर्मांच्या काचा हव्या होत्या आणि बाजारात तशा मिळत नव्हत्या. १८७९ साली विटेन येथील तरुण रसायनशास्त्रज्ञ ओटो शॉट यांनी आपण बनविलेल्या नव्या काचेचा नमुना आबे यांच्याकडे तपासणीसाठी पाठविला. या पत्रव्यवहारातून दोघांचे सहकार्य सुरू झाले. शॉट १८८२ साली येना येथे स्थायिक झाले आणि १८८४ साली शॉट, आबे, कार्ल झाइस व त्यांचे पुत्र रोडेरिख यांनी मिळून काचेची प्रयोगशाळा व कारखाना उभारला. प्रशियाच्या सरकारनेही या प्रयोगांना अनुदान दिले. काच रंगांना किती फाकविते हे सांगणारा आबे अंक आजही काचेच्या प्रत्येक प्रकारासोबत छापला जातो. चष्म्याच्या काचाही या अंकावरून पारखल्या जातात.

नव्या काचा आणि फ्लोराइट या खनिजाचे स्फटिक वापरून आबे यांनी १८८६ साली अपोक्रोमॅट नावाची वस्तुभिंगे सादर केली. त्यांत दोन रंगांऐवजी तीन रंगांच्या प्रतिमा एकत्र आणल्या होत्या.

अनुस्फुरण सूक्ष्मदर्शन आणि सहस्थान-विश्लेषण

आबे मर्यादेवर एक उपाय त्या सूत्रातच होता, तो म्हणजे कमी तरंगलांबीचा प्रकाश वापरणे. झाइस कारखान्यात १९०० साली दाखल झालेले आउगुस्ट क्योलर यांनी अतिनील प्रकाशावर चालणारा सूक्ष्मदर्शक तयार केला आणि १९०४ साली, आबे हयात असतानाच, त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. काही नमुने अतिनील प्रकाशात स्वतःच चमकू लागतात, असे त्यांना या कामात आढळले. एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकण्याच्या या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणतात. पुढील दशकात याच तत्त्वावर अनुस्फुरण सूक्ष्मदर्शक बनले. १९४० च्या दशकात अ‍ॅल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडांना चमकणारे रंगद्रव्य जोडण्याची पद्धत काढली. त्यामुळे पेशीतील हवे ते प्रथिन नेमके रंगविता येऊ लागले.

दोन प्रथिनांना दोन रंग दिले, एकाला हिरवा व दुसऱ्याला तांबडा, आणि दोन्ही प्रतिमा एकावर एक ठेवल्या, की दोन्ही रंग जेथे असतील तेथे पिवळा दिसतो. सहस्थान-विश्लेषणाचा आरंभ येथून होतो. मात्र या पिवळ्या रंगाचा अर्थ लावताना आबे यांनी सोडविलेले दोन्ही प्रश्न समोर उभे राहतात.

पहिला प्रश्न मर्यादेचा. १.४ न्यूमरिकल अ‍ॅपर्चरच्या उत्तम तैलनिमज्जन भिंगाने ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश पाहिला, तर आबे मर्यादा सुमारे १८६ नॅनोमीटर येते. ६२० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशासाठी ती सुमारे २२१ नॅनोमीटर होते. खोलीच्या दिशेने स्थिती याहून वाईट असून तेथे ती कित्येक पटींनी वाढते. प्रथिनाचा आकार मात्र साधारणपणे काही नॅनोमीटरच असतो. म्हणजे पिवळा दिसणारा ठिपका दोन प्रथिने एकमेकांना चिकटली आहेत असे सांगत नाही. ती दोन्ही प्रकाशाला वेगळी करता न येणाऱ्या एकाच लहानशा जागेत आहेत, एवढेच तो सांगतो. एकाच वाड्यात राहणारे दोन भाडेकरू एकमेकांशी बोलतात की नाही हे जसे पत्त्यावरून कळत नाही, तसेच हे आहे. प्रथिनांचा प्रत्यक्ष संपर्क तपासण्यासाठी वेगळ्या पद्धती वापराव्या लागतात. दहा नॅनोमीटरहून कमी अंतरावर एका रंगद्रव्याची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते का हे पाहणे, ही त्यांपैकी एक होय.

दुसरा प्रश्न वर्णविपथनाचा. भिंगाने हिरवी व तांबडी प्रतिमा नेमक्या एकाच जागी पाडली नाही, तर प्रत्यक्षात एकत्र असलेली प्रथिनेही वेगवेगळी दिसतात. म्हणूनच या कामासाठी अपोक्रोमॅट जातीची वस्तुभिंगे पसंत केली जातात. शिवाय एकाच वेळी अनेक रंगांत चमकणारे सूक्ष्म मणी आधी पाहून दोन रंगांच्या प्रतिमांत किती अंतर पडते ते मोजून घेतले जाते. पहिला प्रश्न दुर्लक्षिला तर नसलेले साहचर्य दिसते आणि दुसरा दुर्लक्षिला तर असलेले हरवते.

केवळ डोळ्यांनी पिवळा रंग पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, कारण संगणकाच्या पडद्यावर उजळपणा वाढविला की पिवळा भाग हवा तसा वाढविता येतो. यासाठी संख्यात्मक मापे वापरली जातात. पिअर्सन सहसंबंध गुणांक प्रत्येक बिंदूवरील हिरव्या आणि तांबड्या तेजाची तुलना करतो. त्याचे मूल्य −१ ते +१ या दरम्यान असते. दोन्ही रंग सोबत कमीअधिक होत असतील तर ते +१ कडे झुकते, त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसेल तर शून्याजवळ राहते आणि एक असेल तेथे दुसरा टाळला जात असेल तर ऋण येते. १९९३ साली मांडलेले मँडर्स गुणांक वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतात. हिरव्या तेजाचा किती भाग तांबड्याच्या जागी आहे आणि तांबड्याचा किती भाग हिरव्याच्या जागी आहे, हे ते स्वतंत्रपणे सांगतात. एक प्रथिन थोडे व दुसरे भरपूर असेल तेव्हा हा भेद महत्त्वाचा ठरतो. थोड्या प्रथिनाचा जवळजवळ सर्व भाग दुसऱ्याच्या सोबत असतो आणि तरीही दुसऱ्याचा फारच लहान अंश पहिल्याच्या सोबत असतो.

ही मापे विश्वसनीय होण्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. पार्श्वभूमीचा मंद उजेड वजा करावा लागतो. एका रंगद्रव्याचा प्रकाश दुसऱ्याच्या नोंदीत झिरपत नाही ना, हे एकच रंग दिलेल्या नमुन्यावर तपासावे लागते. कॅमेऱ्याची नोंद कमाल मर्यादेला भिडू देता येत नाही. प्रतिमेतील प्रत्येक बिंदूचा आकार आबे मर्यादेच्या निम्म्याहून लहान ठेवावा लागतो. शेवटी, एका रंगाची प्रतिमा तुकड्यांत विभागून ते तुकडे इतस्ततः मांडले तरी तेवढाच गुणांक येतो का, हे पाहावे लागते. तसे झाल्यास दिसलेले सहस्थान केवळ योगायोगाचे असते.

मर्यादेपलीकडे जाण्याचे मार्गही निघाले आहेत. एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मर्नर यांना अतिविभेदन अनुस्फुरण सूक्ष्मदर्शनासाठी २०१४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हेल यांची संशोधनसंस्था ग्यॉटिंगन येथेच आहे. त्यांच्या पद्धतीच्या सूत्रात आबे यांचे सूत्र कायम असून प्रकाशाच्या तीव्रतेवर अवलंबून असलेल्या एका पदाची त्यात भर पडली आहे. शेजारच्या रेणूंना एकाच वेळी चमकू न देणे, ही या सर्व पद्धतींची मूळ युक्ती आहे.

कार्ल झाइस प्रतिष्ठान

झाइस कारखान्याच्या भरभराटीबरोबर आबे श्रीमंत झाले. हा नफा आपल्या एकट्याच्या कर्तृत्वाचा नसून विद्यापीठातील ज्ञान आणि कामगारांचे कसब यांतून तो निर्माण झाला आहे, अशी त्यांची धारणा होती. १८८६ पासून त्यांनी स्वतःचे नाव गुप्त ठेवून येना विद्यापीठाला वैज्ञानिक कार्यासाठी निधी देण्यास सुरुवात केली. १८८८ साली कार्ल झाइस यांचे निधन झाले. १८८९ साली आबे यांनी प्रतिष्ठानाची स्थापना केली आणि त्याला स्वतःचे नाव न देता झाइस यांचे नाव दिले. १८९१ साली झाइस कारखान्याची मालकी आणि काचकारखान्यातील आबे यांचा हिस्सा प्रतिष्ठानाकडे गेला. त्यानंतर आबे हे त्याच कारखान्यात मालक म्हणून नव्हे, तर पगारी व्यवस्थापक म्हणून काम करू लागले.

प्रतिष्ठानाची सविस्तर घटना त्यांनी स्वतः लिहिली आणि ती १८९६ साली अमलात आली. नोकरीत वंश, धर्म वा राजकीय मत यांवरून भेदभाव करण्यास तिने मनाई केली. सर्वोच्च अधिकाऱ्याचा पगार सामान्य कामगाराच्या सरासरी उत्पन्नाच्या दहापटीहून अधिक असू नये असा नियम घातला. भरपगारी रजा, निवृत्तिवेतन, कामावरून कमी केल्यास भरपाई आणि नफ्यातील वाटा हे कामगारांचे हक्क ठरले. हे लाभ मालकाच्या कृपेवर अवलंबून न राहता न्यायालयात मागता येतील असे कायदेशीर हक्क असावेत, यावर आबे यांचा कटाक्ष होता.

आठ तासांचा दिवस

१ एप्रिल १९०० रोजी झाइस कारखान्यात कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणण्यात आला. त्याआधी कामगारांचे मत घेण्यात आले होते. रोजची कमाई घटू न देता हा बदल शक्य आहे का, हे आबे यांनी प्रयोगशाळेतल्या काटेकोरपणाने तपासले. कामाच्या नगावर मजुरी घेणाऱ्या २३३ कामगारांच्या आधीच्या व नंतरच्या वर्षाच्या कमाईची त्यांनी तुलना केली. प्रत्येक तासाची कमाई सरासरी १६ टक्क्यांनी वाढलेली आढळली. याचा अर्थ आठ तासांत पूर्वीच्या नऊ तासांहून थोडे अधिकच काम होऊ लागले होते.

याचे स्पष्टीकरण त्यांनी १९०१ साली दिलेल्या व्याख्यानांत केले. काम न करता नुसते चालू ठेवलेले यंत्रही शक्ती खाते. त्याचप्रमाणे कारखान्याच्या गोंगाटात तासन्‌तास उभे राहण्यानेच माणसाची काही शक्ती खर्च होते. तास कमी केले की हा निष्फळ खर्च वाचतो आणि विश्रांतीही वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. वडिलांच्या गिरणीतील दिवसाची आठवण त्यांनी याच संदर्भात सांगितली.

येना शहरासाठी सार्वजनिक वाचनालय आणि लोकभवन उभारण्यातही त्यांचा पुढाकार होता. १९०३ साली खुल्या झालेल्या लोकभवनाचे सभागृह कोणत्याही पक्षाच्या सभेसाठी उपलब्ध असावे असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी समाजवादी कामगारांना सभेसाठी जागा मिळणे अवघड होते, हे लक्षात घेता या आग्रहाचे महत्त्व कळते.

अखेरची वर्षे व मृत्यू

अतिश्रमांमुळे आबे यांची प्रकृती ढासळत गेली. १९०३ साली त्यांनी व्यवस्थापनातून निवृत्ती घेतली. १४ जानेवारी १९०५ रोजी, पासष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, येना येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे निकटचे सहकारी झिगफ्रीड चाप्स्की यांनी व्यवस्थापनाची धुरा पुढे वाहिली. आबे यांनी स्वतः फार थोडे लेखन प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रकाशशास्त्रीय विचारांची पद्धतशीर मांडणी चाप्स्की यांच्या १८९३ सालच्या ग्रंथामुळे अभ्यासकांपर्यंत पोहोचली.

वारसा

येना येथे लोकभवनाजवळ हेन्री फान द फेल्डे यांनी रचना केलेले आबे स्मारक १९११ साली उभारण्यात आले. त्यातील अर्धपुतळा माक्स क्लिंगर यांनी घडविला आहे. येना विद्यापीठाच्या परिसरातील दुसऱ्या एका स्मारकाच्या दगडावर आबे मर्यादेचे सूत्र कोरलेले आहे. चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूवरील एका विवराला आणि एका लघुग्रहाला आबे यांचे नाव देण्यात आले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या फाळणीबरोबर झाइस कंपनीही पूर्वेकडे येना व पश्चिमेकडे ओबरकोखेन अशी दुभंगली. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९१ साली दोन्ही भाग पुन्हा एकत्र आले. आबे यांनी स्थापन केलेले प्रतिष्ठान आजही झाइस आणि शॉट या दोन्ही कंपन्यांचे मालक आहे.